भरतीच्या वेळचं वाचनालय

फेब्रुवारी संपत आला की आमच्या नेरूळच्या सोसायटीतली दहावी-बारावीची मुलं दिसेनाशी होतात. लिफ्टमध्ये भेटत नाहीत, खालून बॅडमिंटनचा आवाज येत नाही, आणि त्यांच्या आयांचे चेहरे असे होतात की जणू पेपर त्यांनाच लिहायचे आहेत. हवाही याच सुमाराला बदलते. सकाळी अंगावर शाल लागते आणि अकरा वाजता पंखा. दुपारचं खाडीकडून वारं सुटलं की त्यात चिखलाचा, खाऱ्या पाण्याचा तो जुना वास अजून येतो. मध्ये एवढे टॉवर उभे राहिले तरी त्यांना तो अडवता आलेला नाही. हा वास आला की माझं कशात म्हणून लक्ष लागत नाही. पासष्टी ओलांडलेली बाई मी, मला कसली आलीय परीक्षा? पण वास आला की घरात पाय ठरत नाही. परवा तो आला, आणि मी चपला घालून वाचनालयात गेले.

वाचनालय म्हणायची माझी सवय. पाटीवर आता 'अभ्यासिका' असं मोठं लिहिलेलं आहे. काचेचं दार, आत थंडगार, प्रत्येक टेबलाला प्लग आणि प्रत्येक खुर्चीला नंबर. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली कानात इअरफोनची बोंडं घालून बसलेली. पुस्तकांची कपाटं मागच्या भिंतीला लागली आहेत आणि त्यांना कुलूप आहे. मी एक रिकामी खुर्ची पाहून टेकले, तर शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "काकू, ही सीट बुक आहे."

"पाच मिनिटं पेपर वाचते आणि उठते."

"पेपर इथे नसतो ना. खाली वॉचमनकडे असतो."

मग मी खाली जाऊन वॉचमनकडे पेपर वाचला. तो भला माणूस होता, त्यानं स्वतःची खुर्ची दिली.

कुरकुर करणाऱ्या निवृत्त माणसांचा मला धसका आहे, कारण ग्रंथपाल म्हणून आयुष्यभर मी त्यांनाच सांभाळलं. तेव्हा मी कुरकुर करणार नाही. खुर्चीवरून उठता उठता त्या मुलीला मी विचारलं होतं, कुठून येतेस? तळवलीहून, म्हणाली. एका खोलीत सहा माणसं, आणि टीव्ही सगळ्यांचा. तिला पुस्तकापेक्षा खुर्ची जास्त हवी आहे आणि शहरानं तिला ती दिली, यात वाईट काय आहे? आमच्या वेळीही खरी मागणी खुर्चीचीच होती, आम्ही तिला वाचनाची आवड म्हणायचो एवढंच. मला त्या हॉलमध्ये बोचली ती शांतता. शांततेशी माझं जुनं भांडण आहे, आणि त्यात चूक माझी आहे.

एकोणीसशे ऐंशी ओलांडून चार-पाच वर्षं झाली असतील. नेरूळ नुकतं उभं राहत होतं, म्हणजे इमारती उभ्या होत्या आणि बाकी सगळं व्हायचं होतं. झाड नव्हतं, सावली नव्हती, रस्त्याला धूळ होती आणि घरात एवढी शांतता की कुकरची शिट्टी चार बिल्डिंगांत ऐकू जायची. मी परळच्या चाळीतून लग्न होऊन आलेली. चाळीत सकाळी डोळे उघडायच्या आधी दहा माणसांचे आवाज कानावर पडायचे. इथं नवरा सकाळी सातच्या बसनं मुंबईला गेला की दिवसभर बोलायला भिंत. त्यामुळे तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत वाचनालय सुरू होतंय आणि ग्रंथपाल हवी आहे असं कळल्यावर मी पळत गेले. नेमणूक तात्पुरती होती. एप्रिलमध्ये कायम करू, असं सांगितलेलं.

त्या वाचनालयात काय नव्हतं! पेपरांचे तिरके स्टँड होते, आठ कपाटं होती, आणि आत शिरल्याबरोबर भिंतीवर एक फळी होती खिळे मारलेली. त्या खिळ्यांना लोकांच्या घराच्या किल्ल्या. नवराबायको दोघं मुंबईला कामाला, मुलं दुपारी शाळेतून यायची. शेजारी अजून राहायलाच आलेले नाहीत, मग किल्ली ठेवायची कुणाकडे? वाचनालयात. ज्यांच्या दारावर नंबर पडले नव्हते त्यांची पत्रं आमच्या पत्त्यावर यायची. रविवारी पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती उतरवून घ्यायला पोरांची रांग लागायची. दर महिन्याला बाळांना डोस पाजायचं टेबल आमच्याच व्हरांड्यात. संक्रांतीचं हळदीकुंकू झालं की कपाटांवर आठवडाभर तिळाचे कण सापडायचे. दुपारी एकला डोंगरातल्या खाणीत सुरुंग उडायचे आणि कपाटांच्या काचा थरथरायच्या. दुपारच्या सुट्टीत मागं थांबले असले की मी तेवढ्या वेळापुरता पाण्याचा तांब्या हातात धरायची, नाहीतर तो टेबलाच्या कडेपर्यंत चालत जायचा.

हे सगळं उभं केलं होतं आमच्या कार्यवाह काकांनी. निवृत्त माणूस, सडपातळ, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. खांद्याला कापडी पिशवी अडकवून जिने चढून घराघरांतून पुस्तकं मागून आणली होती त्यांनी. गुडघे दुखायचे तरी एकही मजला सोडला नाही. संध्याकाळी ठीक पाचला येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचे. त्यांना एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे आवाज. 'शांतता राखा' ही पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती. अक्षर सुरेख होतं.

आमची वेळ सकाळी आठ ते बारा आणि दुपारी चार ते आठ. एक दिवस, पौष पौर्णिमेच्या आसपास, मी साडेबाराला कुलूप लावत होते तर मागं कुणीतरी उभं होतं. गुडघ्यापर्यंत कासोटा घातलेलं लुगडं, ओल्या चिखलाची रेघ पोटरीवर, हातात प्लास्टिकची पिशवी. शेजारच्या सारसोळे गावची कोळीण आहे हे सांगायला नको होतं.

"बंद झाला?"

"चारला उघडेल."

"चारला मी खाडीन असते. आता भरती हाय, आताच टाईम हाय मना."

मासळी आणलीय असं वाटून मी म्हटलं, आज नको. तिनं पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. दहावीला बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरल्याची पोच होती. नाव सुगंधा. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी असेल.

तिची हकीकत तिनं कुलपाशीच उभं राहून सांगितली, भाव सांगावा तशी सरळ. सातवी झाली आणि लग्न झालं. पहिलं मूल दवाखान्यात पोचायच्या आधी वाटेतच गेलं, कारण गावात कळणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं, आपण नर्स व्हायचं. नर्सिंगच्या कोर्सला दहावी पास लागते आणि वयाची अट असते. पुढच्या वर्षी तिचं वय निघून जाणार होतं. "ह्या साली नाय तर कवाच नाय," ती म्हणाली. घरी पुस्तक उघडलं की कुणी ना कुणी काम सांगतं. वाचनालय कशाला असतं हे तिनं बाळाला डोस पाजायला आली तेव्हा खिडकीतून पाहून ठेवलं होतं.

नियम सांगायचा तर चारला या म्हणायला हवं होतं. मी कुलूप काढलं. परोपकार म्हणून काढलं असं म्हणणं खोटं होईल. घरी जाऊन भिंतीकडे बघायचा मला कंटाळा आला होता.

ती आतल्या खोलीत, कपाटांच्या मध्ये बसकण मारून बसली, पुस्तक मांडीवर घेतलं आणि वाचायला लागली, मोठ्यानं. मोठ्यानं म्हणजे केवढ्यानं, तर भर बाजारात चार पाट्यांपलीकडच्या गिऱ्हाइकाला हाक मारायची सवय असलेल्या गळ्यानं. मी दचकलेच. 'मनातल्या मनात वाचा ना,' म्हटलं, तर तिनं ओठ मिटून एक परिच्छेद पाहिला आणि हसली.

"तोंड मिटला का डोलं पन मिटतान, बाय."

मला ती बाय म्हणायची. घरातल्या लेकीबाळींना म्हणतात तसं. परळ सोडल्यापासून मला तसं कुणी काही म्हटलं नव्हतं.

बंद वाचनालय, बाहेर ऊन, आणि आत इतिहास, भूगोल, शास्त्र मोठमोठ्यानं. मी पुस्तकांना खाकी कव्हरं घालत, मागं तारखांच्या चिठ्ठ्या डकवत ऐकत बसायची. शाळेत असताना ज्या धड्यांना मी जांभया दिल्या ते मला तिच्या तोंडून पहिल्यांदा कळले. ती धड्याशी भांडायची. भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आला तेव्हा दोनदा वाचला आणि पुस्तक खाली ठेवलं.

"ह्यो लिवनारा खाडीन उतरला नसंल."

"का हो, सुगंधाताई? बरोबरच आहे ते."

"बरोबर हाय, पन कोरडा हाय. उधानाचा पानी न् भांगाचा पानी सारका येतो का? पायाला कलतो ना."

मग तिनं मला शिकवलं. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरदुपारी भरती, पाणी उधाणाचं. मग रोज पाऊण-पाऊण तासानं पुढं सरकत अष्टमीला भरती संध्याकाळवर येते आणि पाण्याचा जोर कमी, त्याला भांग म्हणायचं. ओहोटीला बायका चिखलात उतरून शिंपल्या, खुबे वेचतात. त्यामुळे भरतीला जो वेळ मिळेल तोच तिचा. माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर मी रोजच्या चौकोनात भरतीची वेळ पेन्सिलीनं लिहायला लागले. जगात दुसऱ्या कुठल्या ग्रंथपालानं हे केलं असेल असं मला वाटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आठवड्यांत ती दुपारी यायची. अष्टमीच्या आठवड्यात तिची वेळ संध्याकाळची, म्हणजे भरल्या वाचनालयाची, तेव्हा ती यायचीच नाही. त्या आठवड्यांत मला करमायचं नाही. कव्हरं वाकडी बसायची.

ती पोळी खायची नाही, माझ्या डब्यातली भाजी मात्र बोटानं चाखून नावं ठेवायची. एकच्या सुरुंगाला वाचन थांबवून छताकडे बघायची आणि म्हणायची, "फोडा, फोडा, अजून फोडा." पुन्हा त्याच ओळीवर बोट. इंग्रजीला ती घाबरायची. इंग्रजीचं वाक्य वाचताना तिचा एवढा मोठा आवाज बारीक व्हायचा, आणि मला इतकी माया दाटून यायची की मी उगाच उठून कपाट लावायला लागायची.

परवा अभ्यासिकेतली ती तळवलीची मुलगी ओठ हलवत होती. मी नीट पाहिलं. कानात बोंडं, डोळे स्क्रीनवर, आणि ओठ हलताहेत, आवाज नाही. तिलाही ऐकू आल्याशिवाय कळत नसेल का? घरी टीव्ही, इथं पाटी. कुठं वाचत असेल ती मोठ्यानं? मला विचारावंसं वाटलं, पण सीटवरून मघाशीच उठवले गेले होते.

आता तो आठवडा. फाल्गुनातली अष्टमी, होळीच्या आधीचा आठवडा. होळी झाली की लगेच पेपर. सारसोळ्यात होळीचा सण म्हणजे काय विचारता, आठ दिवस आधीपासून ढोल, गाणी, पाहुणे. सुगंधा अमावास्येच्या आठवड्याच्या शेवटी म्हणाली, "आता सुट्टी परवडायची नाय बाय. सांजची येऊ? गप वाचीन." मी म्हटलं, या. मागच्या कोपऱ्यात बसा, कपाटाआड. मी आहे ना.

'मी आहे ना' हे शब्द मी म्हटले होते. दुसऱ्या कुणी नव्हे.

पहिले दोन दिवस ती ओठ दाबून बसली. घाम फुटायचा तिला. तिसऱ्या दिवशी शास्त्र होतं. आधी कुजबुज आली, मग पुटपुट, आणि मग ती वाचण्यात बुडाली आणि विसरली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी कशा लढतात ते आठ कपाटांच्या पलीकडून अख्ख्या हॉलला ऐकू यायला लागलं. पेपरांमागून डोकी वर आली. कुणीतरी हसलं. कार्यवाह काकांनी घडी घालून पेपर खाली ठेवला आणि ते गुडघ्यावर हात ठेवून उठले.

मी त्यांच्या मागोमाग गेले. सुगंधा बोट ओळीवर ठेवून वर बघत होती.

"आपण मेंबर आहात?" काकांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. त्यांचा आवाज कधीच चढत नसे.

मेंबर ती नव्हती, होऊ शकत नव्हती. आमच्या अर्जावर सेक्टर, बिल्डिंग आणि खोलीचा नंबर लिहायचे रकाने होते. शिवाय खाली ओळख देणाऱ्याची सही लागायची. गावाला सेक्टर कुठला? ज्यांची भातशेतं आणि मिठागरं पुरून हे सेक्टर आखले त्यांच्या घरांना नंबर द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. अर्ज छापताना आम्हालाही सुचलं नव्हतं. मी तो अर्ज रोज लोकांना देत होते, माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

काका माझ्याकडे वळले. "कुणाच्या ओळखीनं आल्यात या? तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

एप्रिल तोंडावर आला होता. बंद वेळेत दोन महिने मी वाचनालय उघडत होते. हे एका वाक्यात बाहेर येणार होतं. मी म्हटलं, "नाही. मला नाही माहीत. आत्ताच शिरल्या असतील."

आमचं मूळ घर रत्नागिरीकडे, गावाबाहेरच्या वाडीत. माझ्या वडिलांनी दुसरीपर्यंतची शाळा वर्गाबाहेर ओट्यावर बसून ऐकली. मास्तर आत बोलायचे, हे बाहेर पाटीवर लिहायचे. आम्हा भावंडांना हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की आम्हाला त्याचा कंटाळा आला होता. त्यांची मुलगी शिकली, ग्रंथपाल झाली, टेबलामागं बसली, आणि पहिल्या परीक्षेला असं उत्तर देऊन मोकळी झाली. मला आजही हे लिहिताना लाज वाटते. चाळीस वर्षांत ती कणभर कमी झालेली नाही.

सुगंधानं पुस्तक मिटलं, पिशवीत घातलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. रोजचं गिऱ्हाईक आपल्या पाटीवरून पुढच्या पाटीकडे गेलं की कोळीण बघते तसं पाहिलं, आणि गेली. काका म्हणाले, "गरीब बिचारी असेल. पण शिस्त मोडली की संपलं हो." त्यांच्या मनात खरंच कसलाही डूख नव्हता. मी मान हलवली.

शांततेवर मी तेव्हापासून पुष्कळ विचार केला आहे. वाचनालयाला शांतता हवी, कबूल. पण ज्यांच्या घरी शांतता जास्त झाली होती ती माणसं तिथं येऊन आणखी शांतता मागत होती. आणि जिच्या घरी ढोल वाजत होते तिला जराशी जागा हवी होती, आपला आवाज आपल्याला ऐकू येईल एवढी. दोघांना एकाच पाटीखाली बसवलं की कोण उठणार हे ठरलेलंच असतं. पुढं मी वाचनालयात मुलांसाठी मोठ्यानं वाचायचा तास सुरू केला. त्याबद्दल एकदा माझा सत्कारही झाला, शाल आणि नारळ. घरी येऊन मी ती शाल ट्रंकेच्या तळाशी टाकली.

तर, तीन-चार दिवस गेले. सकाळची भरती सरकत सरकत दुपारच्या बंद वेळेजवळ आली. बारा वाजले की मी मागचं दार लोटून ठेवायची आणि कान तिकडं लावायची. सुरुंग व्हायचा, काचा थरथरायच्या, पुन्हा सामसूम. पाचव्या दिवशी मी कुलूप लावलं आणि सारसोळ्याला चालत गेले. दोन महिने ती आमच्याकडे येत होती, मला तिचं घर माहीत नव्हतं. विचारत विचारत गेले. होळीची लाकडं रचलेली होती, पोरं ढोल तापवत होती, दोऱ्यांवर जाळी वाळत होती.

तिचा आवाज मला आधी ऐकू आला. ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत ती बसली होती आणि पचनसंस्था वाचत होती. समोर तिची सासू जवळा निवडत होती. आणखी दोन बाया जाळं शिवत होत्या. ढोल वाजला की ती आवाज चढवायची.

"थांब," सासू म्हणाली. "त्यो पित्त कुठशी येतो सांगितला?"

"यकृतातून, आत्या."

"न् माज्या छातीन जलतो त्यो त्योच का?"

"तो पुडच्या धड्यान हाय."

"मग वाच की बिगी. पुडचा वाच."

मी उभीच होते. सुगंधानं मला पाहिलं, सरकून जागा केली आणि परिच्छेद संपेपर्यंत वाचणं थांबवलं नाही. मग म्हणाली, "बस बाय. हितं कोन गप बस म्हनत नाय."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, दार उघडं ठेवते रोज, तुम्ही या ना. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, त्या दिवशी मी जे बोलले ते... तिनं गणिताचं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "ह्यो वर्गसमीकरन अडलाय. ह्यो सोडव." मी माफी मागायला गेले होते आणि वर्गसमीकरणं सोडवून आले. चार सोडवली. कोरा चहा प्याले. निघताना सासूनं कागदात मूठभर जवळा बांधून दिला आणि म्हणाली, "पोरगी पास झाली पायजे हां, मास्तरीन." मी मास्तरीण नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

परीक्षा झाली. एप्रिलमध्ये मला कायम केलं. पेढे वाटले. काकांनी आनंदानं दोन खाल्ले. कॅलेंडरवर भरतीच्या वेळा लिहायचं मी मे महिन्यातही सोडलं नव्हतं. कुणासाठी लिहीत होते कोण जाणे. दुपारी वाचनालय इतकं गप्प असायचं की चिठ्ठी डकवताना डिंकाचा आवाज यायचा.

जूनमधली एक संध्याकाळ. उकाडा भयंकर, पंखा गरम वारं ढकलत होता, हॉल भरलेला. दारातून कुणी आत आलं नाही म्हणून माझं लक्ष गेलं नव्हतं. मग फाटकाशी रस्त्यावर उभी असलेली सुगंधा दिसली. चांगलं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, हातात घडी घातलेला कागद. मी टेबलावरून उठून व्हरांड्यात गेले.

"आत या ना, सुगंधाताई."

"नको बाय. हितूनच सांगते. आत बोलला का लोकांना तरास."

तिनं कागद उलगडला, त्यावर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. तिला दुसऱ्या पद्धतीनं वाचता येतच नव्हतं. "मराठी, चोपन. हिंदी, एकेचालीस. इंग्रजी," इथं आवाज बारीक झाला, "छत्तीस." मग पुन्हा चढला. "गनित, एकेचालीस. शास्त्र, एकसष्ट. इतिहास-भूगोल, अठ्ठावन. उत्तीर्न." एकेक विषय रस्त्यावरून सरळ हॉलमध्ये येत होता. स्टँडवरची सगळी डोकी वर झाली होती. मी व्हरांड्यातच उभी. तीन पायऱ्या होत्या मध्ये, त्या उतरून जाऊन तिचा हात धरायला हवा होता. माझे डोळे भरून आले होते आणि सगळे बघत होते, आणि मी उतरले नाही.

"झाली बाय पास," ती म्हणाली. "जाते, पानी उतरला." कागदाची घडी करून तिनं कमरेला खोचली आणि ती चालायला लागली.

मी आत आले. खिडकीजवळच्या खुर्चीतून काका कौतुकानं तिकडं बघत होते. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. "वा!" ते म्हणाले. "बाहेरून बसलेली दिसतेय. शास्त्रात एकसष्ट म्हणजे गंमत नाही. कोण हो ही?"

तेव्हा मी बोलले. भरल्या हॉलमध्ये, शेवटच्या खुर्चीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले. "सुगंधा. सारसोळ्याची. माझ्या ओळखीची आहे ती."

काकांनी समाधानानं मान डोलावली आणि पेपर उघडला. मी धावत फाटकाशी गेले. ती वळणाआड गेली होती.